वारा अर्ध्या तासाचा, अंधार आठवड्याचा

वैशाख सरत आला की मराठवाड्याच्या आकाशात ढगांची काळी फळी उभी राहू लागते. तिच्याकडे शेतकरी आशेने पाहतो आणि पत्र्याच्या छपराखाली राहणारा गृहस्थ धास्तीने. दिवसभर जमीन तापते, हवा कोंडते, झाडाचे पान हलत नाही. आणि मग एकाएकी धुळीचा लोट उठतो, दारेखिडक्या आपटू लागतात आणि पाऊस पुरता सुरू होण्याच्या आधीच दिवे जातात. अर्ध्या तासात सारे शांत होते. आकाश निवळते, हवेत गारवा येतो, मातीचा वास सुटतो. दिवे मात्र येत नाहीत. कधी त्या रात्री येत नाहीत, कधी दुसऱ्या दिवशीही येत नाहीत. आणि गाव आडवळणाचे असेल तर ते किती दिवस आले नाहीत याची मोजदाद ठेवण्याचेही कोणास प्रयोजन वाटत नाही.

पहिल्या पानावरील बातम्यांची जागा अडवून आम्ही आज हा विषय मांडीत आहोत, तो एवढ्याचसाठी की, वादळासंबंधी जे बोलावयाचे ते वादळाआधी बोलले गेले तरच त्याचा काही उपयोग असतो. वादळानंतर जे बोलले जाते त्यात सांत्वन असते किंवा दोषारोप असतो, तयारी नसते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : वाऱ्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही, परंतु वाऱ्यामागून येणारा अंधार किती काळ टिकावा हे बहुतांशी माणसांच्या हाती असते. पहिला अर्धा तास निसर्गाचा आहे. पुढचे सारे दिवस आपले आहेत. त्या दिवसांचे खापर निसर्गावर फोडण्याची आपल्याला जडलेली सवय आता मोडली पाहिजे.

या म्हणण्यास आधार हवा असेल तर महाराष्ट्रास फार दूर जावयास नको. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. काही तासांत श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या आडव्या झाल्या, घरांवरील कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी मोडले. वादळाचा इशारा आधी मिळाला होता, किनाऱ्यावरील लोकांस हलविण्यात आले होते, त्यामुळे वाऱ्याच्या मानाने मनुष्यहानी मर्यादित राहिली. येथवर व्यवस्था जागी होती. परंतु वारा शमल्यानंतर काय झाले? अनेक गावांत वीज परत येण्यास आठवडे लागले. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडे. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या म्हणून फोन बंद, आणि फोन बंद म्हणून मदत मागण्याची सोयही उरली नाही. त्यातच कोरोनाची साथ चालू होती. राज्याच्या इतर भागांतून वीज कर्मचाऱ्यांची पथके कोकणात गेली आणि भर पावसाळ्यात, चिखलातून खांब वाहून नेत राबली. त्यांच्या कष्टांत उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्या हाती वेळेवर पडावयाच्या साहित्यात आणि आधी करून ठेवावयाच्या कामांत.

त्याआधी एक वर्ष, ३ मे २०१९ रोजी, ओडिशात पुरीजवळ ‘फनी’ वादळ धडकले. त्या राज्याने सुमारे बारा लाख लोकांस सुरक्षित स्थळी हलवून जगाची वाहवा मिळविली, आणि ती योग्यच होती. तरीही त्या वादळानंतर पुरी जिल्ह्यात वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. म्हणजे जीव वाचविण्याची विद्या आपण बऱ्यापैकी शिकलो आहोत. वाचलेल्या जीवांचे घर पुन्हा चालते करण्याची विद्या अद्याप शिकावयाची आहे.

कोकण कोठे आणि जालना कोठे, असे कोणी म्हणेल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे हे खरे. परंतु हा फरक आपल्या बाजूचा नसून विरुद्ध बाजूचा आहे. चक्रीवादळ समुद्रावर दिवसचे दिवस घोंगावते, त्यास नाव मिळते, त्याचा मार्ग नकाशावर आखला जातो आणि किनाऱ्यावर पोचण्याच्या आधी सरकारला आवराआवर करण्यास अवधी मिळतो. वळवाच्या वादळाचे तसे नाही. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, उंच ढग बनतो, आणि त्या ढगातून थंड हवेचा भार एकदम खाली कोसळून जमिनीवर चहूकडे फाकतो. ज्या पट्ट्यावर तो कोसळला तेथे झाडे मुळासकट उपटली जातात आणि दोन कोसांवरच्या गावात पानही पडत नाही. हवामान खाते अशा वादळाचा इशारा पुढील तीन तासांसाठी देऊ शकते. नेमक्या गावाचे नाव सांगणे कोणासही शक्य नाही. असे हे बिननावाचे वादळ. त्याची पाहणी करण्यास केंद्राचे पथक सहसा येत नाही आणि त्याचा नकाशा कोणी छापीत नाही.

आपल्या जिल्ह्याने अवचित आलेल्या अस्मानीचे तडाखे खाल्ले नाहीत असेही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना आणि बीड जिल्ह्यांवर पुन्हा गारा कोसळल्या आणि काढणीस आलेली पिके झोपली. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात जून २०२४ मध्ये पत्र्याच्या छपराला बांधलेला पाळणा छपरासह उडाला आणि त्यातील काही महिन्यांची मुलगी दगावली. त्या बातमीने हळहळलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या वस्तीतील पत्र्यांकडे मान वर करून पाहिले?

आता विजेचा प्रश्न पाहू. उपकेंद्रातून निघालेली ११ हजार व्होल्टची वाहिनी शेतांवरून, ओढ्यांवरून, बाभळी-लिंबांच्या रांगांमधून मैलोगणती जाते. तिच्यावर एके ठिकाणी फांदी पडली की संपूर्ण वाहिनी बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेली सारी गावे एकदम अंधारात जातात. मग बिघाड शोधावयाचा. रात्रीची वेळ, निसरडी वाट, हातात बॅटरी आणि खांबामागून खांब तपासत चालणारा एखाद-दुसरा कर्मचारी, असे हे शोधकार्य असते. बिघाड सापडला तर खांब हवा, खांब असला तर तो आणावयास गाडी हवी, गाडी असली तर माणसे हवीत. म्हणजे वेळ जातो तो तार जोडण्यात कमी. शोधण्यात, मागविण्यात आणि वाट पाहण्यात अधिक. हे एकदा ध्यानात आले की उपायही आपोआप दिसू लागतात, आणि ते काही आकाशातून आणावयाचे नाहीत.

महावितरणकडे आमच्या मागण्या चार आहेत. पहिली अशी की, पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी ही कागदावरील मोहीम न राहता प्रत्येक वाहिनीगणिक केव्हा झाली हे जाहीर व्हावे. छाटणी म्हणजे कत्तल नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. तारेच्या आड येणारी फांदी काढणे वेगळे आणि सावलीचे झाड निमित्त साधून बुंध्यापासून तोडणे वेगळे. शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याची आठवण पालिकेनेही ठेवावी. दुसरी मागणी अशी की, मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद अशा तालुक्यांच्या ठिकाणीच मे महिन्यापूर्वी खांब, तारा व रोहित्रे यांचा पुरेसा साठा असावा. तुटलेल्या खांबाची मागणी वर जाऊन मंजुरी खाली येईपर्यंत गावाने अंधारात बसू नये. तिसरी अशी की, कोणाची वीज आधी यावी याचा क्रम आधीच ठरलेला आणि प्रसिद्ध झालेला असावा : रुग्णालये, पाणीपुरवठ्याचे पंप, मग वस्त्या. हा क्रम वादळानंतर फोनवर ठरू लागला की तो ओळखीपाळखीने ठरतो. चौथी मागणी सर्वांत स्वस्त आहे. वीज केव्हा येईल ते खरे सांगा. ‘काम चालू आहे’ या दोन-तीन शब्दांनी कोणाचेही समाधान होत नाही. ‘उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाही’ असे स्पष्ट कळले तर गृहिणी दूध आटवून ठेवील, रुग्णाचे नातेवाईक दुसरी सोय पाहतील, विद्यार्थी दिवसाउजेडी अभ्यास उरकील. लोक अंधार सोसतात. अनिश्चितता सोसत नाहीत.

कायदाही याबाबत मुका नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ५७ व्या कलमाने सेवेचे मानदंड ठरविण्याची व ते न पाळल्यास ग्राहकास भरपाई देण्याची तरतूद केलेली आहे. वादळ, पूर अशा दैवी आपत्तीत वीज कंपनीस या जबाबदारीतून सूट मिळते, आणि ती मिळणे न्याय्यच आहे. परंतु सूट वाऱ्यासाठी आहे की वाऱ्याआधी न केलेल्या छाटणीसाठी? गंजलेला खांब वाऱ्याने पडला असे म्हणावयाचे, की गंजाने पडला आणि वारा केवळ निमित्त झाला? हा भेद करण्याची वेळ आली आहे, आणि तो करणे हे नियामक आयोगाचे काम आहे.

जो कर्मचारी त्या रात्री खांबावर चढतो, त्याच्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर आमच्याकडून अन्याय होईल. महावितरण त्यास ‘जनमित्र’ म्हणते. आपण वायरमन म्हणतो, आणि दिवे गेले की त्यालाच फोनवर धारेवर धरतो. यांतील पुष्कळ जण कंत्राटी आहेत. रबरी हातमोजे, कमरेचा सुरक्षापट्टा व तार जमिनीशी जोडून घेण्याचे साधन त्यांच्याजवळ आहे की नाही, हे आधी विचारावे आणि मग उशिराचा जाब मागावा.

जालना शहरात या प्रश्नास आणखी एक धार आहे, ती पाण्याची. जायकवाडीचे पाणी अंबडमार्गे पंपांच्या बळावर शहरात येते. येथे नळाला पाणी रोज येत नाही. पाळी असते आणि ती बऱ्याच दिवसांनी येते. अशा शहरात पंपाची वीज एक दिवस गेली तर केवळ त्या दिवसाचे पाणी जात नाही, साऱ्या शहराच्या पाळ्या पुढे ढकलल्या जातात. २०२३ साली आपले शहर महानगर झाले. पाणी उपसणाऱ्या केंद्रांस स्वतंत्र वीजवाहिनी व खात्रीचा जनरेटर असणे हा त्या नव्या पदवीचा पहिला पुरावा ठरावा. अलिबाग शहरात भूमिगत वीजवाहिन्यांचे काम चक्रीवादळाच्या धोक्यासाठी असलेल्या राष्ट्रीय योजनेतून हाती घेण्यात आले. साऱ्या जालना जिल्ह्याच्या तारा जमिनीखाली घाला, असे आम्ही म्हणत नाही. तो खर्च न झेपणारा आहे. परंतु रुग्णालय व पाणी या दोहोंपुरती तरी तशी सोय मागणे अवास्तव नाही. शहरातील फलकांसंबंधीही पालिकेने आताच कठोर व्हावे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे अवाढव्य जाहिरात फलक अशाच वावटळीत पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे मेली. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे बांबूवरचे फलक वाऱ्याला ओळखत नाहीत. त्यांवर कोणत्या पक्षाचे चेहरे आहेत हेही वारा पाहत नाही.

सरकारी मदतीची गोष्टही स्पष्ट केली पाहिजे. आपत्तींच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे. वळवाचे वादळ स्वतंत्र नावाने नाही. राज्याने अवेळी पाऊस व वीज कोसळणे यांस आपल्या यादीत घेतले हे चांगलेच केले. परंतु पाऊस न पडता नुसत्या वाऱ्याने छप्पर उडाले तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, या विवंचनेत पंचनामा अडू नये. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरांप्रमाणे सपाट प्रदेशात संपूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६ हजार ५०० आणि कच्च्या घरास ४ हजार रुपये मदत नेमलेली आहे. अंशतः नुकसान मोजताना ते किमान १५ टक्के असावे लागते. चार पत्रे, पाण्याची टाकी आणि एक भिंत गेलेला गृहस्थ या टक्केवारीत बसला तरी ६ हजार ५०० रुपयांत त्याचे घर उभे राहत नाही, आणि न बसला तर त्याचे नुकसान झालेच नाही असे ठरते. म्हणून पडझड झाल्यावर साफसफाईच्या आधी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

येथवर सरकार, महावितरण आणि महापालिका यांस सांगून झाले. आता आमच्या वाचकांस, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गास, काही सांगावयाचे आहे, आणि ते कदाचित रुचणार नाही. गेल्या काही वर्षांत या वर्गाने अंधाराचा प्रश्न आपल्यापुरता सोडविला आहे. घरात इन्व्हर्टर आला, छतावर सौरपट्ट्या आल्या, काहींकडे जनरेटर आले. यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या घरात दिवा लागला तो तक्रार करीत नाही. आणि ज्याची तक्रार अधिकाऱ्यांच्या कानी पोचते असा वर्ग तक्रार करीनासा झाला की उरलेल्यांचा अंधार आणखी लांबतो. पूर्वी गल्लीचे दिवे जात तेव्हा वकील, मास्तर, दुकानदार आणि हमाल एकाच ओट्यावर जमत आणि एकत्र अर्ज लिहीत. आज अर्ज लिहिता येणारा घरात पंख्याखाली बसला आहे. इन्व्हर्टरने घर उजळले, पण गल्लीचे दुःख आपल्याला दिसेनासे झाले, हा सौदा महागाचा आहे. आपल्या घरात दिवा असला तरी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि शेजारच्या ज्या घरात म्हातारे माणूस किंवा आजारी माणूस आहे तेथील फोन आपल्याकडे भरून द्यावा. माणुसकीची ही किमान पातळी आहे.

घराच्या तयारीविषयीही थोडे तपशिलाने सांगतो. पत्र्यांवर दगड ठेवून भागवू नये. वाऱ्यात पत्र्याआधी दगडच डोक्यात पडतो. पत्रे हुकांनी व नट-बोल्टांनी आवळून घ्यावेत, आणि मुलाची झोळी पत्र्याच्या आधाराला कदापि बांधू नये. वारा सुटताच मुख्य बटन बंद करावे. वादळात कधी न्यूट्रल तार तुटते आणि मग घरात २३० ऐवजी कितीतरी अधिक दाबाची वीज शिरून पंखे, फ्रीज जळतात. म्हणून वीज आल्यावर आधी एक दिवा लावून पाहावा आणि मगच एकेक उपकरण सुरू करावे. तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, ती मृत आहे असे समजू नये, गुरांसही जाऊ देऊ नये. जनरेटर बंद खोलीत चालवू नये. त्याचा धूर झोपेतच जीव घेतो. तसेच तो वेगळा बदल-स्विच न बसविता घरच्या तारांस जोडू नये. कारण तुमची वीज उलट वाटेने रोहित्रात शिरते, तेथे ११ हजार व्होल्टची होते आणि खांबावर चढलेल्या त्याच वायरमनचा प्राण घेते. बंद फ्रीज न उघडल्यास सुमारे चार तास गारवा धरतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस आताच विचारून ठेवावे. जालन्याच्या मे महिन्यात औषध खोलीत उघडे ठेवण्याजोगे नसते, अशा वेळी ओल्या वाळूत बसविलेले मातीचे मडके कामास येते. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णाची माहिती महावितरणच्या शाखेत आधीच द्यावी. संकटात जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील लहानग्यांसही पाठ असावा. पिण्याचे पाणी दोन दिवसांचे भरलेले असावे, आणि अडगळीतील कंदील पुसून ठेवावा. रॉकेल आता सहजी मिळत नाही, तेव्हा हाताशी भरलेली बॅटरीही असावी.

यांतील एकही गोष्ट नवी नाही, अवघड नाही आणि फारशी खर्चाचीही नाही. नेमके याचमुळे त्या राहून जातात. मोठ्या आपत्तीसाठी आपण मोठ्या योजना आखतो. फांदी, खांब आणि नट-बोल्ट मात्र कोणाच्याच योजनेत बसत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी वळवापूर्वी महावितरण, महापालिका, नगरपालिका व पंचायत समित्या यांस एकत्र बसवून आठही तालुक्यांची अशी एक यादी करवून घ्यावी आणि ती लोकांसमोर मांडावी. आम्ही ती याच पानावर छापू, आणि पहिल्या वादळानंतर तीतील किती कामे झाली होती तेही याच पानावर छापू.